फ्रीजवरचा कौल

फ्रीज घरात आला आणि देव त्याच्या मागे गेले.

दिंडोशीच्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत दुसरी जागाच नव्हती. कपाटासारखा दोन दारांनी उघडणारा, अंगावर प्लास्टिक आणि कमरेला लाल रिबीन बांधलेला तो फ्रीज हमालांनी बरोबर देव्हाऱ्यासमोर उभा केला आणि पाणी पिऊन ते निघून गेले. तेव्हापासून लवू परब रोज सकाळी आंघोळ करून फ्रीज आणि भिंतीच्या फटीत हात घालायचा आणि अंदाजाने फूल वाहायचा. ते कधी गणपतीच्या डोक्यावर पडे, कधी तेलाच्या बुधलीवर.

घरातला जुना फ्रीज त्याच सुमाराला गेला. खरं तर तो नुसता कण्हत होता. लवूची सगळी नोकरी बेस्टच्या डेपोत मेकॅनिक म्हणून झालेली. "फ्रीज म्हणजे काय, उभी करून ठेवलेली बस," असं म्हणत त्याने मागची जाळी उघडली. त्यानंतर फ्रीज कण्हला नाही.

वैशाख तापलेला. सकाळी आणलेला बांगडा दुपारपर्यंत घरभर आपली ओळख सांगू लागे. आणि समोर तो नवा फ्रीज, नवरीसारखा नटून, मुका उभा.

"गे, एकच कप्पो वापरुया," लवू म्हणाला. "खालचो. कोणाक कळतला?"

"मला कळेल," वनमाला म्हणाली. "दुसऱ्याची वस्तू आहे ती."

"दुसऱ्याची म्हणजे कोणाची?"

"ते सोडतीच्या दिवशी कळेल."

वनमाला मालवणी मसाला करायची. आधी मजल्यापुरता, मग वसाहतीपुरता, आणि लेक रुचिराने तिचे व्हिडिओ फोनवर टाकायला सुरुवात केल्यापासून मुलुंड-बोरिवलीपर्यंत. कढईत मिरच्या परतताना वनमाला गुणगुणायची. आजीकडून आलेल्या चालीत आपले शब्द बसवायची. लोक मसाल्यासाठी येत आणि गाण्यासाठी थांबत. यंदा रुचिराच्या डोक्यात आलं, काहीतरी मोठं करू. मसाल्याच्या प्रत्येक पुड्यात एक कूपन टाकायचं, मृग लागायच्या आत सोडत काढायची, आणि ज्याचा नंबर लागेल त्याला फ्रीज. वनमालाने कॅमेऱ्यात बघून, छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "हा वनमालाचा शब्द आहे."

तो व्हिडिओ खालच्या मजल्यावरच्या संघमित्राने पाहिला. ती दिंडोशीच्या कोर्टात वकिली करायची, शाळेत रुचिराच्या वर्गातली. पाहिला तेव्हा ती कोर्टाच्या कँटीनमध्ये चहा पीत होती. त्यातला अर्धा चहा गळ्यातल्या पांढऱ्या बँडवर सांडला. संध्याकाळी ती तसाच डागाळलेला बँड हातात घेऊन वर आली.

"रुचिरा, तुला अक्कल आहे का गं? वाट लावलीस तू काकूंची."

"का? झकास चाललंय. किती ऑर्डरी आल्यात बघ ना."

"तेच तर. काकू, तुम्ही लॉटरी चालवताय. परवान्याशिवाय लॉटरी चालवणं गुन्हा आहे."

वनमालाच्या हातातला चाटू थांबला. "लॉटरी? मी? अगं, आमच्यात पत्ते काढतात तेसुद्धा गौरीच्या जागरणाला."

"काकू, ऐका. लोकांकडून पैसे घेतले, विजेता नशिबावर काढला, आणि त्याला बक्षीस दिलं. पैसे, नशीब, बक्षीस. तिन्ही एकत्र आली की झाली लॉटरी. मग तुम्ही तिला सोडत म्हणा नाहीतर भाग्यवान ग्राहक म्हणा. आणि तुमची तर फोनवर, सगळ्या देशाला दिसेल अशी."

वनमालाने थोडा वेळ कढईखालच्या जाळाकडे पाहिलं. "म्हणजे चुलीचे तीन दगड," ती म्हणाली. "एक काढला की भांडं राहत नाही."

"बरोबर. कुठला काढायचा ते सांगा."

"बक्षीस काढ," लवू चटकन म्हणाला. "फ्रीज हयच ऱ्हवांदे."

"बक्षीस नाही निघायचं. शब्द दिलाय."

"मग पैसे काढा," संघमित्रा म्हणाली. "मसाला घेतला नाही तरी कोणालाही भाग घेता आला पाहिजे. कूपनासाठी म्हणून ज्यांनी मसाला घेतला असेल त्यांना पैसे परत द्यायची तयारी ठेवा. आणि नशीबही काढा. दोन दगड काढले की मला रात्री झोप लागेल. काहीतरी कसबाचं ठेवा. ज्याचं चांगलं, त्याला फ्रीज."

"कसलं कसब? पाककृती?" रुचिराने विचारलं.

"ओवी," वनमाला म्हणाली. कोणी विचारायची वाट न बघता, जणू ती इतकी वर्षं याच प्रश्नाच्या दारात बसून होती. "मसाल्यावर ओवी रचायची. स्वतःची. ऐकलेली नको."

मग संघमित्राने नियम लिहिले. ओव्या कोणी निवडायच्या, तर परबांपैकी कोणी नाही. जोगेश्वरीच्या निवृत्त शिक्षिका कुंदाबाई आणि त्यांच्या दोन मैत्रिणी. यमकाला किती गुण, तालाला किती, नव्या विचाराला किती, हे आधीच जाहीर. गुण मैत्रिणींनी नावं झाकून द्यायचे, आणि नावं फक्त कुंदाबाईंना ठाऊक. आयोजकांच्या घरच्यांनी आणि स्पर्धेचं काम बघणाऱ्यांच्या घरच्यांनी भाग घ्यायचा नाही. बक्षिसावर कर बसतो, जवळजवळ तिसरा हिस्सा. तो आधी भरायचा, मग फ्रीज हलवायचा.

"तिसरो हिस्सो?" लवू फ्रीजभोवती फिरून आला. "म्हणजे भाजीचो कप्पो सरकाराक?"

"काका, कर पैशात भरतात."

"मी आपला इचारलंय."

नियम कोणी वाचत नाही, ही रुचिराची काळजी. तेव्हा वनमालाने कढई चढवली, कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि नियमच ओवीत गायले.

*नियमांची माझी ओवी, ऐका गं कान देऊन*
*मसाला घ्या, नका घेऊ, या गं ओवी घेऊन*

*घरच्यांनी, दारच्यांनी, भाग नाही घ्यायचा*
*फ्रीज लेकीवाणी माझा, परक्या घरी जायचा*

हा व्हिडिओ कूपनाच्या व्हिडिओपेक्षा जास्त चालला. संघमित्राला कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांनी थांबवून विचारलं, "अटी व शर्ती गाणाऱ्या त्या बाई तुझ्या अशील का?" पैसे परत मागायला एकच जण आला. तोही मसाला संपवून. रिकामा पुडा दाखवून म्हणाला, "पैसे राहू द्या, अजून एक पुडा द्या."

आणि ओव्या आल्या. आईशप्पथ, किती आल्या! कुंदाबाईंचा फोन तापून बंद पडायचा. बोरिवलीच्या एका मुलाने लिहिलं होतं,

*लाल लाल मसाला, त्यात मेथी आणि जिरं*
*लाइक करा, शेअर करा, नाहीतर नाही खरं*

घाटकोपरच्या धवलभाईंनी पाठवलं,

*ढोकळ्यात घातला मसाला, बायको गेली माहेरी*
*ती येईल तेव्हा येईल, पण चव होती भारी*

मुलुंडहून कोणीतरी रोज सकाळी नुसता गुलाब पाठवायचं. त्यालाही गुण मिळाले. शून्य.

निकालाच्या रविवारी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. फोन रुचिराने पिठाच्या डब्यावर उभा केला, थेट प्रक्षेपण सुरू झालं, आणि कोणी कोणी कुठून कुठून नमस्कार लिहू लागले. फोनचा आवाज नीट जावा म्हणून पंखा बंद. खुर्चीत कुंदाबाई, भिंतीला टेकून संघमित्रा, आणि दाराजवळ स्टुलावर तिचे वडील दादू. दादू पोस्टातून निवृत्त झालेले. संध्याकाळच्या कॅरममधले लवूचे जोडीदार. आज त्यांना दारापेक्षा आत यायचं नव्हतं आणि घरी जायचंही नव्हतं. सारखे रुमालाने मान पुसत होते.

"दोन ओव्यांना सारखे गुण पडलेत," कुंदाबाई वर्गात उत्तरपत्रिका वाटताना बोलाव्यात तशा बोलल्या. "नावं मी नंतर सांगणार. ही पहिली."

*दर्याचं मीठ माझं, डोंगराची गं मिरची*
*एका कालवणी नांदते, जशी सून गं घरची*

"वा!" वनमाला मनापासून म्हणाली. फोनवर लाल बदामांचा पाऊस पडला.

"आणि ही दुसरी."

*मिरची भाजताना, सारं घर गं खोकलं*
*तिनं चाटू हालवीत, माझं आयुष्य राखलं*

*हळदीचा हात तिचा, दाराला गं उमटला*
*देव शोधाया निघालो, तो मला तिथं भेटला*

फोनवर बदाम उडत राहिले. वनमाला मात्र हलली नाही.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर, डाव्या अंगाला, पिवळा पडलेला एक हाताचा ठसा होता. कधीतरी घाईत उमटलेला तिचाच. मागे घराला रंग काढला तेव्हा सगळी चौकट पांढरी झाली आणि तेवढा वीतभर तुकडा राहिला. "रंग सोपलो," लवू तेव्हा म्हणाला होता. अर्धा डबा रंग नंतर कित्येक महिने मोरीत पडून होता. आळशी मेला, असं म्हणून तिने तो भंगारात दिला होता.

तिने चौकटीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. लवू बंद पंख्याकडे बघत होता, तो फिरत असल्यासारखा.

"बरोबरी झाली तर काय करायचं?" कुंदाबाईंनी विचारलं. "नियम काय म्हणतो?"

संघमित्राने नियमांचा कागद वर केला, खाली केला, उलटा केला. एवढं सगळं लिहून हाच नियम राहिला होता. "म्हणजे... आपण... एक मिनिट हां."

"थांबा!" लवू उठला. "कौल लावूया."

आणि कोणी काही म्हणायच्या आत त्याने फुलांच्या परडीतून जास्वंदीच्या दोन पाकळ्या घेतल्या, पाण्यात बुडवल्या. गावी ह्या अशाच पाषाणाला लावतात. जी बाजू आधी सुटेल ते देवाचं उत्तर. पण इथे देव फ्रीजच्या मागे. तेव्हा लवूने फ्रीजलाच हात जोडले. उजव्या दारावर एक पाकळी लावली, पहिल्या ओवीची. डाव्या दारावर एक, दुसऱ्या ओवीची. आणि आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने अर्धा मजला ओरडला.

"आज ह्या दिंडोशीच्या तिसऱ्या माळ्यार तुझी लेकरां गोळा झाली हत..."

"व्हय म्हाराजा!"

"कोणाचा काय चुकला-माकला आसात, नावात, गावात, तां पदरात घे..."

"व्हय म्हाराजा!" आता फोनवरही तेच लिहून येऊ लागलं. धवलभाईंनी सुद्धा लिहिलं.

"आणि फ्रीज जेचो आसा, तेका दी रे म्हाराजा!"

"काका!" संघमित्रा पुढे झेपावली. "काका, काढा ते! कौल म्हणजे नशीब. नशीब आलं की पुन्हा तेच!"

लवू गर्रकन वळला. "देवाक नशीब म्हणतंस? देव न्याय करता, चेडवा."

"करत असेल. आमच्याकडे कौल नसतो काका, विचार असतो. पण माझं सोडा. सरकारी माणसाने विचारलं की विजेता कोणी निवडला, तर काय सांगू? पाकळीने?"

"पडांदे तरी!"

सगळे पाकळ्यांकडे बघू लागले. संघमित्रासुद्धा. माणसाचा स्वभाव. पाषाणावरची पाकळी वाळते, सुटते, पडते. पण हे प्लास्टिक होतं. ओली पाकळी त्याला अशी बसली, जशी पाटावर नवी सून. उजवी हलेना, डावी हलेना. घाम सगळ्यांच्या कपाळावरून निघून हनुवटीवर आला. फोनवर कोणीतरी लिहिलं, 'नेट अडकलं का?'

"उजव्या दारातून बोल म्हाराजा, नायतर डाव्या," लवूचा आवाज आता गाऱ्हाण्यातला राहिला नव्हता, विनवणीचा झाला होता. "काय ता बोल."

देव बोलला नाही. दादू बोलले.

"लव्या, मला नको रे तो फ्रीज. मला दरदरून घाम फुटलाय."

संघमित्रा हळूच वळली. "पप्पा? तुम्हाला कसला फ्रीज?"

"मी फक्त नाव दिलं गं. आणि फोन. ओवी त्याची, फ्रीज त्याचा. मला काय, उन्हाळाभर थंड पाणी मिळणार होतं."

"पप्पा, नियम मी लिहिलेत! घरच्यांनी भाग घ्यायचा नाही, हे मी लिहिलंय!"

"मी वाचले नाहीत."

"काकूंनी गायलेत ते!"

"चाल चांगली होती," दादू खाली बघत म्हणाले. "शब्दांकडे लक्ष नाही गेलं."

रुचिराने फोनवर हात ठेवला. "आई, बंद करू हे?"

वनमालाला काही सोपं वाटत होतं असं नाही. समोर नवा फ्रीज होता, मागे मेलेला फ्रीज होता, आणि मध्ये एक माणूस, ज्याने लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा खोकल्याचं निमित्त केलं होतं. त्या माणसाने आज जगासमोर तिला देवाच्या जागी बसवलं होतं. ती ओवी बाद करायची तर तीही तिनेच. फोन बंद करू दिला असता तर कुंदाबाईंनी अजून एखादी फेरी घेतली असती, आणि कोणी सांगावं. पण त्या फोनच्या पलीकडे माणसं होती आणि त्यांना तिने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

"बंद नको," ती म्हणाली. "शब्द चालू फोनवर दिलाय. अहो, इकडे या. इथे, मध्ये. सांगा."

लवू पुढे आला. हाताला लागलेलं पाकळ्यांचं पाणी बनियनला पुसलं. "ती दुसरी ओवी माजी. मी लवू परब. हिचो घोव." मग फ्रीजवरच्या पाकळ्यांकडे बघत म्हणाला, "माका वाटला, देवान दिलो तर ता खोटा होवचा नाय. पण देव काय बोललो नाय."

"ओवी बाद," वनमालाने जाहीर केलं. आवाज अजिबात हलला नाही. "नियम म्हणजे नियम. पहिली ओवी ज्यांची, फ्रीज त्यांचा. कुंदाबाई, नाव सांगा." आणि मग, कॅमेरा विसरून, नवऱ्याकडे न बघता, "पण ती दुसरी स्पर्धेतून बाद झाली आहे. घरातून नाही. ती मी ठेवून घेते."

फोनवर जे सुरू झालं ते रुचिराला वाचवेना.

पहिली ओवी निघाली खारदांड्याच्या सोनूबाईंची. कुंदाबाईंनी फोन लावला तेव्हा त्या बाजारात बसल्या होत्या. मागे कोयत्याचे ठोके ऐकू येत होते.

"सोनूबाई, तुम्ही जिंकलात!"

"अगो बाय, खरंच? पण एक सांगते हां, नंतर भांडण नको. तुमचा मसाला मी कधी घेतला नाय. मी माझाच करते."

"घ्यायची अटच नव्हती," वनमाला फोनकडे वाकली. "तुम्ही त्यात दगडफूल किती घालता?"

"दगडफूल? नावालाच."

"नावाला? मग वास कुठून येतो?"

"माशातून येतो, बाय! वास मसाल्यातून आणायचा तर मासा कशाला?"

दोघी अशा लागल्या की थेट प्रक्षेपण संपलं तरी बोलणं संपलं नाही. संघमित्रा कोपऱ्यात बसून नियमांच्या कागदावर नवं कलम लिहीत होती: बरोबरी झाल्यास जागेवर नवी ओवी रचावी. कौल लावू नये. मग तिने वडिलांकडे पाहिलं आणि खाली अजून एक ओळ घातली: नियम गायले तरी ते नियमच असतात.

कर भरून झाल्यावर सोनूबाईंचा मुलगा टेंपो घेऊन आला. तो फ्रीज बाजारातच ठेवणार होता, दुपारभर उन्हात बसणाऱ्या बायांच्या पाण्यासाठी. जाताना त्याने वनमालाच्या हातात केळीच्या पानांत गुंडाळलेली सुरमई दिली. "आईने सांगितलंय, फ्रीजमध्ये ठेवू नका. लगेच खा."

"ठेवायला फ्रीज खय आसा?" लवू म्हणाला.

हमालांनी फ्रीज उचलला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो कठड्याला घासला, प्लास्टिकचा एक तुकडा निघाला, आणि त्याच्यासोबत वाळून तपकिरी झालेली एक पाकळी. लवूने ती खाली वाकून उचलली, जिन्यातूनच ओरडला.

"उजवी! उजवी पडली! बघ, देवान कौल दिलो. सोनूबायचोच होतो तो फ्रीज!"

खालच्या दारातून संघमित्राने डोकं बाहेर काढलं. "काका, निकाल लागून आठवडा झालाय."

"देवाक काय तुमच्यासारखी मुदत नसता."

तो वर आला तेव्हा देव्हारा मोकळा झाला होता. इतक्या दिवसांनी देव आणि तो समोरासमोर आले. त्याने पाकळी गणपतीच्या पायाशी ठेवली, हात जोडले, आणि मग मुकाट्याने फोन काढून जुन्या फ्रीजसाठी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. दुसऱ्या मेकॅनिकला हाक मारणं त्याला कधी जमत नव्हतं, पण जमवलं.

आत वनमालाने मिरच्या परतायला घेतल्या होत्या. धूर खोलीत आला. लवूला ठसका लागला, रुचिराला लागला, खाली दादूंना लागला असेल. आणि त्या खोकल्याच्या मधून तिचं गुणगुणणं ऐकू येऊ लागलं, आजीच्या चालीतलं. शब्द मात्र आजीचे नव्हते.

लवू चौकटीपाशी उभा राहिला, हाताच्या ठशाच्या बाजूला. "बाद झाली मां ती?" त्याने विचारलं.

"खोकला आवरा," वनमाला म्हणाली, "आणि सुरमई साफ करायला घ्या."